उरलेल्या वर्गणीचा घाट

गणपती विसर्जन झालं की आमच्या चौकातल्या मंडळात एकच चौकशी सुरू व्हायची: वर्गणीतले उरले किती? मांडववाला आणि बँडवाला यांची देणी भागवून खजिनदारकाका वहीत दोन रेघा ओढायचे. त्या रेघांखाली जी रक्कम पडेल, ती दसरा आणि कोजागरीच्या मधल्या दोन दिवसांत सायकल सहलीवर उडवायची, असा मंडळाचा अलिखित ठराव होता. सोलापूर, तुळजापूर, येडशीचं रामलिंग. येताना माणसं एसटीने, सायकली चादरीचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोत.

मी पहिल्यांदा गेलो १९८६ साली, आठवीत असताना. त्यानंतर एकही वर्ष चुकवलं नाही. दहावीच्या वर्षी तर घरातली बोलणी खाऊन गेलो.

पहाटे पाचला रूपाभवानीच्या देवळापाशी नारळ फुटायचा. वीसबावीस सायकली, सगळ्या काळ्या, निम्म्या भाड्याच्या. गिअर फक्त मोटारीला असतो अशी आमची समजूत होती. हिप्परग्याच्या तळ्याशी उजाडायचं. पाऊस बरा झालेला असेल तर पाणी रस्त्याच्या अगदी जवळ यायचं आणि कोणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘यंदा पाणी हाय की बे!’’ हे तळं १८७१ सालचं, आदिला नदीवर बांधलेलं, हे आम्हाला मंडळातले एक मास्तर दरवर्षी सांगायचे. आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायचो, कारण तेवढा वेळ थांबायला मिळायचं. मग तामलवाडीला चहा. रस्त्याच्या कडेला तरवड पिवळा झालेला, शेतांत ज्वारीच्या पेरणीची गडबड, आणि पाठीवर ऑक्टोबरचं ऊन. सोलापूरकराला थंडी म्हणजे काय ते तुळजापूरच्या घाटमाथ्यावर पहाटे एकदा कळतं, तेवढंच.

त्या घाटाचं काय सांगू! सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. आकड्यात हे काहीच नाही. पण चाळीसेक किलोमीटर सपाटीवर पायडल मारून आलेल्या पोराला तो चढ भिंतीसारखा दिसतो. पहिल्या वळणापर्यंत इज्जतीखातर सगळे सीटवर. दुसऱ्या वळणाला एक उतरायचा आणि ‘‘चेन बघतो,’’ म्हणायचा. मग सगळ्यांच्याच चेनी बिघडायच्या. माझं स्पष्ट मत आहे की आमचं मंडळ खरं भरायचं ते इथे, ढकलताना. मांडवात अध्यक्ष खुर्चीवर आणि आम्ही सतरंजीवर. घाटात मात्र अध्यक्षांच्या सायकलचं कॅरिअर मी मागून ढकलत होतो आणि ते धापा टाकत मला त्यांच्या मिलमधल्या संपाच्या गोष्टी सांगत होते.

त्या पहिल्या वर्षी माझ्या भाड्याच्या सायकलची कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ, ढिली झाली. डावं पायडल मारलं की आधी पोकळ जायचं, मग खटकन बसायचं. तिसऱ्या वळणावर पिनच गळून पडली. रडायच्या बेतात होतो. आमचे अण्णा यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. घरात तेलुगू, चौकात मराठी, वैतागले की कानडी. ते शांतपणे मागे चालत गेले आणि गवतात वाकून पिन शोधून आणली. खिशातून पाना काढला, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा पिनेच्या उतरत्या बाजूला लावला, पिन भोकात बसवली आणि दगडाने तीनच ठोके घातले. ‘‘चाक धर की बे सरळ,’’ एवढंच बोलले. त्या पत्र्यावर मी रामलिंगपर्यंत गेलो.

तुळजापुरात त्या दिवसांत देवी पलंगावर निजलेली असते. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंतची ही श्रमनिद्रा; नवरात्रभर लढून देवी दमते. घाट चढून आलेल्यांना हे लगेच पटायचं. गाभाऱ्यात आम्ही कुजबुजत बोलायचो, बाहेर आल्यावर मात्र धर्मशाळेत कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर तुटून पडताना आवाजाला धरबंध नसायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेव्हाच्या उस्मानाबादवरून, म्हणजे आताच्या धाराशिववरून, येडशीकडे. तिथे बालाघाटचं जंगल लागतं. सोलापूरच्या पोरांना झाडांची सावली रस्त्यावर पसरलेली बघायची सवय नव्हती. आम्ही बोलणं थांबवून नुसत्या घंट्या वाजवत जायचो. सागाची पानं अळीने खाऊन त्यांच्या निव्वळ जाळ्या उरलेल्या असायच्या. एक पान मी डोळ्यांसमोर धरून पाहिलं, तर शिरा न् शिरा शाबूत आणि मधून आकाश दिसतंय. अण्णांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या भाषेत म्हणाले, ‘‘ताणा हाय, बाणा गेला.’’ गवत सोनेरी पडलेलं, मोज्यांत कुसळं. रामलिंगचं देऊळ खाली दरीत. सायकली वर लावून पायऱ्या उतरायच्या, जटायूची कथा ऐकायची, धबधब्याखाली अंग भिजवायचं आणि धपाटी माकडांपासून वाचवायची. जमलं तर घाटातून जाणारी अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइटची गाडी बघायची. आमच्यातला एक जण म्हणायचा, हिला मी सायकलवर गाठतो. कधी गाठलं नाही. पुढे १९९७ साली हे जंगल अभयारण्य झालं आणि नंतर ती छोटी लाइनही मोठी झाली.

परतताना येडशीत बायका टोपल्यांतून सीताफळं विकत बसलेल्या असायच्या. डोळे नुकते उघडू लागलेली, पण अजून घट्ट फळं आम्ही पोतंभर घ्यायचो आणि टेम्पोत सायकलींच्या मध्ये चादरीत गुंडाळून ठेवायचो.

ती कोजागरीपर्यंत बरोबर पिकायची. रस्त्यावरून तुळजापूरला चालत निघालेल्यांची रांग रात्रभर सरकत असायची आणि इकडे गच्चीवर दूध आटायचं. बिया थुंकत थुंकत सगळे हिशोब ऐकायचे. खजिनदारकाका चांदण्यात वही डोळ्यांशी धरून वाचायचे. १९८६ ची नोंद मला पाठ आहे: पंक्चर सात, सोल्युशन ट्यूब एक, चहा अमुक, धर्मशाळा अमुक, कॉटर पिन एक, जुनीच. इथे ते थांबले, चष्मा वर केला आणि अण्णांकडे बघून म्हणाले, ‘‘पत्र्याचे पैसे लावू का हो?’’

अण्णांच्या तोंडात सीताफळ होतं. त्यांनी नुसता हात हलवला.