जालना ते नाशिक: शिराझची बाग पाहायला जाणाऱ्या बागायतदारांसाठी

शिराझ ही लाल वाईनची द्राक्षजात पाहायची तर फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा गाठावा. जानेवारीत घड काळेभोर दिसतात, पण मणी आतून कच्चे असतात. मार्च लागला की बऱ्याच बागा खाली झालेल्या असतात. जालन्याहून निघून नाशिक-दिंडोरी करून परत, हा दोन दिवसांचा दौरा त्याच बेताने आखला होता. गाडीत सगळे खाण्याच्या द्राक्षांचे बागायतदार. जालन्याच्या कडवंची पट्ट्यात शेततळ्याच्या पाण्यावर द्राक्षं उभी करणाऱ्यांना वेल म्हणजे काय हे सांगायला नको. पण थॉमसनमध्ये, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांत, ज्याला कसब म्हणतात, त्यातलं निम्मं शिराझमध्ये नुकसान करतं. हे ओळीत उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

जाताना जुना रस्ता धरावा: संभाजीनगर, वैजापूर, येवला, विंचूर, निफाड. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धीने वेळ वाचतो, पण विंचूरचं वाईन पार्क सुटतं. विंचूर-लासलगाव भागात कांद्याचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, म्हणून पहाटे पाचला निघालेलं बरं. रेल्वेने जायचं तर वंदे भारत किंवा तपोवनने नाशिकरोडला उतरता येतं. मात्र बागा शहराबाहेर आहेत, पुढे गाडी लागतेच. आणि मोबाईलच्या नकाशात नुसतं ‘गंगापूर’ टाकू नका. तो संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापुरात नेऊन सोडतो. नाशिकचं धरणाजवळचं गंगापूर वेगळं.

वायनरीत पर्यटकांसाठी जी फेरी असते तिच्यात टाक्या, बॅरल आणि चव घेणं एवढंच असतं. बागेत शिरायला मिळत नाही. त्यामुळे आठ दिवस आधी फोन करून ‘शेतकरी भेट’ असं स्पष्ट सांगावं आणि द्राक्षं पुरवणाऱ्या एखाद्या बागायतदाराकडे नेण्याची विनंती करावी. काढणीच्या दिवसांत दुपारनंतर कोणालाच वेळ नसतो, सकाळी सातला बागेत हजर राहावं. सोबत रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायला), पीएच मीटर (आंबटपणा पाहायला; आकडा चढला की आंबटपणा कमी), पांढरा रुमाल, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मार्कर घ्या. आपल्या बागेत वापरलेले बूट घालून दुसऱ्याच्या बागेत जाऊ नका. मिलीबग (पिठ्या ढेकूण) असाच फिरतो.

नावाचा घोळ आधी मिटवू. शिराझ आणि सिरा ही एकच जात. इराणमधल्या शिराझ शहराशी तिचा संबंध जोडतात, पण १९९० च्या दशकाअखेर झालेल्या डीएनए तपासणीत तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधले निघाले: द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. ऱ्होन नदीचं खोरं तिचं घर. १८३२ साली जेम्स बस्बी याने युरोपातून जमवलेल्या काड्या ऑस्ट्रेलियात पोचवल्या, आणि शिराझ हे नाव तिकडेच रुजलं. रोपवाटिकेत दोन नावांनी दोन दर सांगितले तर हसून पुढे जावं.

बागेत शिरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती लागवड. आपल्याकडे नऊ बाय पाच फूट, म्हणजे एकरी ९६८ वेली. इथे आठ बाय चार, म्हणजे १,३६१. वेली जास्त आणि माल कमी, हे गणित पहिल्या दिवशी कोणाच्या पचनी पडत नाही. चांगल्या लाल वाईनसाठी एकरी ४ टनांच्या आसपास माल धरतात. वेलीला साधारण ३ किलो. घड १२० ते १५० ग्रॅमचा, म्हणजे वेलीवर २० ते २५ घड पुरे. घड जास्त ठेवले तर साखर भरायला उशीर होतो, रंग फिका राहतो, आणि तोवर आंबटपणा उतरून गेलेला असतो. छाटण्या आपल्यासारख्याच: एप्रिलमध्ये खरड, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पण जीए संजीवकात घड बुडवणं (डिपिंग) नाही, खोडाची साल गोल काढणं (गर्डलिंग) नाही, मणी फुगवायचा कुठलाही उद्योग नाही.

कारण मण्यातच आहे. शिराझचा मणी लांबट-गोल, वजन एक-दीड ग्रॅम, आत बिया. एक मणी रुमालावर चिमटीत दाबून पाहा: रस जवळपास बिनरंगी येतो, फार तर गुलाबी छटा. मग ती साल दोन बोटांत चुरडा. पिकलेल्या मण्याची साल बोटं जांभळी करते आणि डाग धुतला तरी संध्याकाळपर्यंत राहतो. रंग, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक), वास, सगळं त्या सालीत. मणी लहान तर रसाच्या मानाने साल जास्त. निर्यातीसाठी १८ मिलिमीटरच्या मण्यामागे धावणाऱ्याने इथे तोच मणी फुगवला तर वाईनमध्ये पाणीच वाढवलं.

नमुना काढण्यात बहुतेक जण चुकतात. समोर दिसणाऱ्या घडाचा वरचा मणी तोडला आणि २५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आलं म्हणून खूश झाले, असं करू नये. घडाच्या खांद्यावरचा मणी शेंड्याकडच्या मण्यापेक्षा गोड असतो, उन्हाकडचा सावलीतल्यापेक्षा गोड. कडेच्या ओळी आणि ओळीतल्या पहिल्या-शेवटच्या वेली सोडून किमान १०० मणी घ्या, २०० उत्तम. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून. पिशवीत चांगले चुरडून, कापडातून गाळून मग रस तपासा. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणलेला, पीएच मीटर ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवलेला हवा. तोडणीच्या वेळी ब्रिक्स २३ ते २४, पीएच साडेतीनच्या आसपास आणि आम्लता लिटरला साडेपाच ते साडेसहा ग्रॅम बसली तर काम जमलं. २४ ब्रिक्सच्या रसातून साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची वाईन होते. आकड्यांबरोबर बी पाहा: तपकिरी आणि दाताखाली कुडकुडणारी हवी. हिरवी असेल तर वाईन तुरट, कडवट होते.

शिराझची एक खोड लक्षात ठेवा. पक्वतेच्या शेवटच्या टप्प्यात मणी सुरकुततो आणि वजन घटतं. मग ब्रिक्स वाढलेलं दिसतं, पण ती नवी साखर नसते, पाणी उडालेलं असतं. त्यामुळे दर तीन दिवसांनी ब्रिक्सबरोबर १०० मण्यांचं वजनही लिहून ठेवावं. वजन घसरतंय आणि ब्रिक्स चढतंय, तर थांबण्यात नफा नाही.

आता हे सगळं मराठवाड्यात लावायचं तर. पहिला अडथळा जमिनीचा. चुनखडीच्या जमिनीत शिराझ लवकर पिवळी पडते. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, ही लोह न मिळाल्याची खूण. आपल्याकडच्या कित्येक काळ्या जमिनींत खाली चुनखडीचा थर असतो. म्हणून माती परीक्षणात नुसता सामू आणि एनपीके न बघता सक्रिय चुन्याचं (मुळांना भिडणाऱ्या बारीक चुन्याचं) प्रमाण मागून घ्या, तेही दोन थरांतून, एक फूट आणि तीन फूट. खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं रोप) म्हणून आपल्या ओळखीचा डॉगरिज जोमदार आहे, पण तो पालाश जास्त ओढतो आणि रसाचा पीएच चढवतो. वाईनसाठी ११० आर हा खुंट बरा; तो पाण्याचा ताण सोसतो आणि १७ टक्क्यांपर्यंत सक्रिय चुना चालवून घेतो. सक्रिय चुना त्याहून जास्त निघाला तर त्या रानात शिराझचा नाद सोडावा. फेरस सल्फेट मारत वर्षं काढण्यात अर्थ नाही.

दुसरा अडथळा पाण्याचा. काही जाती कोरड पडली की पानांची रंध्रं मिटून घेतात. शिराझ तसं करत नाही. जमिनीत ओल कमी होत असतानाही ती पाणी उधळत राहते आणि मग एकदम मान टाकते, खालची पानं गळतात, घड उघडे पडतात. पाण्याच्या बाबतीत ती खर्चिक घरातली सून आहे. मणी बसल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत (मणी मऊ पडून रंग धरेपर्यंत) पाणी कमी करायचं हा वाईनच्या बागेचा नियमच आहे, मणी त्यानेच लहान राहतो. पण शिराझमध्ये हा ताण रोज थोडं-थोडं पाणी देऊन, मोजून द्यावा लागतो. शेततळं आटलं म्हणून पंधरा दिवस ड्रिप बंद, असा ताण चालत नाही. मण्यात पाणी उतरल्यानंतर तर पानं टिकतील एवढं पाणी हवंच, नाहीतर सुरकुत्या आधीच सुरू होतात.

तिसरी गोष्ट उन्हाची. दक्षिणोत्तर ओळीत पानं काढायची ती फक्त पूर्वेकडची, घडाच्या उंचीवरची. पश्चिमेकडची सावली हलवू नका, फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन घड भाजतं. उष्णतेत साखर पळते आणि आम्लता घसरते, म्हणून तोडणीची तारीख पीएचवर ठरवावी. पीएच ३.७ च्या पुढे गेला की रंग निळसर पडतो आणि वाईन टिकायला अवघड जाते. वायनरीत टार्टरिक आम्ल घालून तो उतरवतात, लिटरला एक ग्रॅमने साधारण ०.१, पण बागेत जपलेलं आम्ल ते आम्लच. शिराझला काळ्या मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन नावाच्या घटकाचा. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली तो शोधला, आणि खऱ्या मिरीतही तोच आहे. थंड जागी तो जास्त तयार होतो. आपल्याकडे मिरी कमी आणि पिकलेल्या जांभळाचा वास जास्त येणार, हे धरून चालावं. पाचातल्या एखाद्याला हा वास येतच नाही, तेव्हा चव घेताना ‘मिरी कुठंय’ म्हणून कोणाशी वाद घालू नये.

वायनरी दुसऱ्या दिवशी. तिथे थोडक्यात उरकलं तरी चालतं, पण तीन गोष्टी विचाराव्यात. माल आत घेताना फळाचं तापमान किती लागतं? देठ काढून, मणी फोडून झाल्यावर पोटॅशियम मेटाबायसल्फाईट किती घालतात? (टनाला ८० ते १०० ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण.) आंबवताना सालीचा वर आलेला थर दिवसातून किती वेळा भिजवतात? लाल वाईन २४ ते २८ अंशांवर, सालीसकट आठ-दहा दिवस आंबते. थर कोरडा राहिला तर वर व्हिनेगर व्हायला लागतं. शिराझच्या टाकीजवळ कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. बहुतेक वेळा रसात नत्र कमी पडून यीस्ट उपाशी राहिल्याचं ते लक्षण. ही जात त्याबाबत नाजूक आहे, वेळेवर हवा दिली तर वास जातो. एक टन द्राक्षांतून ६०० ते ७०० लिटर वाईन मिळते. हे सगळं पाहून घरी ड्रममध्ये प्रयोग करायचा मोह होईल, तर तो टाळा: परवान्याशिवाय वाईन करणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

खरी बोलणी कराराची. शिराझ बाजारात विकत नाही. बी असलेला बारीक मणी कोण खाणार, आणि बेदाणाही होत नाही. म्हणजे कराराशिवाय एक काडीही लावू नये. करार वाचताना पाहा: दर ब्रिक्सवर आहे का, आणि किती ब्रिक्सखाली माल नाकारतात, तोडणीची तारीख कोण ठरवणार, नमुना बागेत काढणार की वायनरीच्या दारात, पैसे किती दिवसांत, गारपीट झाली तर काय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला कोणी विसरलेला नाही, म्हणून हे शेवटचं कलम तोंडी ठेवू नका. वाहतुकीचा खर्चही लिहून घ्या. जालन्याहून नाशिकपर्यंत ट्रकला सहा तास धरले, तर पहाटे तोडलेला माल दुपारी, उन्हात पोचतो. त्यापेक्षा रात्री दिव्यांवर तोडून, उथळ क्रेटमध्ये भरून, उजाडायच्या आत वायनरीत लावायचा. क्रेट काठोकाठ भरू नका. खालचे मणी फुटले की रस वाटेतच आंबायला लागतो.

चव घेणं शेवटी ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याने घोटसुद्धा घेऊ नये. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. वाईनसाठी वयाची अट २१ आहे.

परत येताना सिन्नरजवळ गोंदे इथे समृद्धीवर चढून थेट जालन्याला उतरता येतं. चढण्याआधी टायरची हवा आणि झीज तपासा. तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने जुना टायर दगा देतो. विकत घेतलेल्या बाटल्यांचं बिल जवळ ठेवा आणि बाटल्या डिकीत नको, सीटखाली ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. डिकीत तापल्या की बूच वर सरकतं आणि वाईनला शिजल्यासारखा वास येतो. घरी दोन दिवस अंधाऱ्या खोलीत आडवी ठेवून, उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात ती खोली १६ ते १८ अंशांची, आपली नव्हे. सोबत संभाजीनगरचा नान-खलिया जमतो. ठेचा मात्र दूर ठेवा, मिरचीच्या जाळात टॅनिन नुसतं कडू लागतं.