हवा धरलीन

मे महिन्याचा शेवटचा आठवडा चालू होता, आगोटीची सगळी कामे डोक्यावर होती, आणि मी मात्र ऐन दुपारी खळ्यातल्या मांडवाखाली उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, घामाने निथळत, हातावर हात ठेवून बसलो होतो. आंब्याच्या रिकाम्या पेट्या न्यायला आलेला गडी थबकला, त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि मला काही न विचारता ओसरीवर बसलेल्या आईकडे हळूच चौकशी केली, "दादांना बरं नाय काय?" आईने तांदूळ निवडता निवडता, मानही वर न करता सांगितले, "त्याला काय धाड भरलीय! गाडीने हवा धरलीन."

गाडी जर्मन आहे आणि २००८ सालची आहे. तिच्या एका ओळीतल्या सहा सिलिंडरांभोवती फिरून त्यांना थंड ठेवणाऱ्या द्रवातली, म्हणजे कूलंटमधली, हवा काढण्यासाठी दुरुस्तीच्या पुस्तिकेत जो विधी दिला आहे, तो एखाद्या व्रताच्या पोथीत सहज खपून गेला असता. निळे कूलंट आणि ऊर्ध्वपातित पाणी निम्मे निम्मे मिसळून टाकीत भरावे, झाकण लावावे, बॅटरीला चार्जर जोडावा, किल्ली लावून दिवे पेटू द्यावेत पण इंजिन चालू करू नये, हीटर सर्वाधिक तापमानावर आणि पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवावा, म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरची वाट उघडते आणि तिथे दडलेल्या हवेलाही बाहेर पडता येते. त्यानंतर ॲक्सिलरेटर तळाला टेकवून दहा सेकंद तसाच दाबून धरावा आणि मग पाय काढून घ्यावा. एवढे केले की बॉनेटखाली पाण्याचा पंप आपोआप जागा होतो आणि इंजिन निपचित असताना सुमारे बारा मिनिटे एकटाच फिरत राहतो. जुन्या गाड्यांत हा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे, त्यामुळे इंजिन थांबले की तोही थांबे. या गाडीत त्याला स्वतःची विजेची मोटर आहे आणि किती वेगाने फिरायचे हे संगणक ठरवतो. सुरुवातीला त्याचा आवाज गुळणी भरल्यासारखा खळखळतो, मध्येच हलका होऊन किंचित किंचाळतो, आणि हवा जसजशी निघून जाते तसतसा जड, सलग, समाधानी होत जातो. तो आवाज ऐकत बसण्याशिवाय त्या बारा मिनिटांत दुसरे काही करायचे नसते, आणि खरे सांगायचे तर मला दुसरे काही करायचेही नव्हते.

मूळ पंप साखरपा मागे टाकून आंबा घाट चढत असताना गेला होता. कुठे गळती नव्हती, आवाज नव्हता. आधी पिवळा दिवा लागला, पुढचा पंखा विमानासारखा घोंगावू लागला, आणि दिवा लाल होण्याच्या आत मी इंजिन बंद करून कडेला थांबलो. या गाडीला पाण्याचे तापमान दाखवणारा काटाच नाही. तेल मोजायची काडीही नाही. तेल किती आहे हे पडद्यावर विचारायचे आणि इंजिन पुरेसे तापले असेल तरच पडदा उत्तर देणार. सकाळी गाडी काढण्यापूर्वी काडी ओढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा घालून पुन्हा ओढायची आणि चिमटीत तेलाचा थेंब चोळून पाहायचा, या संस्कारात वाढलेल्या माणसाला पडद्याशी असला संवाद कधीच मानवत नाही. मी अजूनही बॉनेट उघडतो, नसलेल्या काडीच्या जागेकडे पाहतो आणि बॉनेट लावून टाकतो.

पण मी आईच्या वाक्याबद्दल सांगत होतो. "हवा धरलीन" हे शब्द आमच्या घरात गाडीच्या कितीतरी आधी आलेले आहेत. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की डाव्या हाताला जो चढ लागतो, त्याच्या वर सड्यावर आमचे घर आहे आणि खाली, खाजणाच्या अंगाला, आगर. आगरातल्या विहिरीच्या काठावर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला पंप होता. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला जी झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, असते तिला सगळी वाडी फुटबॉल म्हणत असे, आणि त्या वस्तूचा चेंडूशी काय संबंध, हा प्रश्न मला मुंबईच्या कॉलेजात जाईपर्यंत पडला नव्हता. फुटबॉलातले चामडे उन्हाळ्यात पाणी खाली गेले की वाळे, आक्रसे, मग रात्रीत पाइपातले पाणी विहिरीत उतरून जाई आणि सकाळी पंप नुसती हवा घुसळत बसे.

अशा सकाळी आबा पंपाच्या डोक्यावरचे बूच काढून कळशीने पाणी ओतत. पहिल्या कळशीला गुडगुड होई, दुसरीला मोठे बुडबुडे येत, तिसरीला बारीक, आणि पाणी तोंडाशी येऊन स्थिर उभे राहिले की आबा बोटाने त्यावरचा शेवटचा बुडबुडा फोडत आणि बूच आवळत. तरीही पाणी ठरत नसेल, तर शेणाचा पातळ काला करून तोच पंपात ओतायचा. तो खाली जाऊन चामड्याच्या फटीत बसे आणि तेवढ्यापुरते काम भागे. मग आबा हँडल मारत आणि माझे काम सुरू होई. पाटाकडे जाणाऱ्या पाइपावर मी पंजा पालथा ठेवून उभा राहायचो, पाइप आधी नुसता थरथरे, मग एकदम जड होऊन गारठे, आणि तो गारवा तळव्याला जाणवला रे जाणवला की मी "आलं!" म्हणून ओरडायचो. हे काम पूर्णपणे निरुपयोगी होते. पाणी आले की नाही हे आबांना आवाजावरून माझ्या आधी कळत असे, कित्येकदा ते वळून पोफळींकडे चालूही लागलेले असत, पण पाठमोरे असतानाही ते माझ्या आरोळीला हात वर करून पोच देत. पाणी आले नाही तर इंजिन हलके, पोकळ, उतावीळ वाजे, तेव्हा वर ओसरीवरून आजीचा आवाज येई, "हवा धरलीन हो!", आणि आबा पुन्हा कळशीकडे वळत.

शेणकाल्यावरून आठवले. रेडिएटरची गळती आतून बुजवणारे द्रव हल्ली बाटलीत मिळतात, आणि त्या बाटल्यांविषयी माझे मत फारच कडवट आहे. कूलंटमध्ये मिसळून ते फटीपर्यंत जायचे आणि तिथे घट्ट व्हायचे, म्हणजे हा शेणकालाच, फक्त त्याला झाकण आणि लेबल आहे. विहिरीच्या पाइपात तो चालून जातो, कारण तिथे बुजायला दुसरे काही नसते. हीटरच्या रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत मात्र तो कुठे मुक्काम करील याचा नेम नाही. माझ्या ओळखीत दोन माणसे याच मुद्द्यावर माझ्याशी बोलेनाशी झाली आहेत आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

नवा पंप मी स्वतःच बसवला. गाडीखाली जाता यावे म्हणून खळ्याच्या कडेला कातळात एक माणूसभर खोल चर खोदून घेतलेला आहे. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो आणि त्यात बेडूक राहायला येतात, म्हणून गाडीच्या पोटातली सगळी कामे मृगाच्या आत उरकावी लागतात. कूलंट चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना विषारी असते, त्यामुळे ते काढताना घरचा कुत्रा मागीलदारी बांधला होता आणि तो दिवसभर माझ्या नावाने भुंकत होता. पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला अगदी तळाशी, तीन बोल्टांवर बसतो. हे बोल्ट ॲल्युमिनियमचे असतात, एकदाच वापरायचे असतात, आणि आधी ठरलेल्या जोराने आवळून मग ठरलेल्या अंशांनी फिरवायचे असतात. दोन नीट बसले. तिसरा आवळताना माझ्या मनगटाला आमच्या डिझेल इंजिनाची सवय आठवली असावी, कारण तो मऊपणे, जवळजवळ प्रेमाने, तुटला.

तुटलेला तुकडा काढायला मिरकरवाडा बंदरावरच्या एका मिस्त्रींना बोलावले. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून नौका वर ओढणे चालू होते आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरीही ते संध्याकाळी आले, चरात उतरले आणि पाव तासात तुकडा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "एवढा नाजूक बोल्ट? त्या जागी पेठेतला पोलादी घाला ना, जन्माचा टिकेल." मी त्यांना सांगितले की या इंजिनाचे बाहेरचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, वजन कमी ठेवण्यासाठी तसे केले आहे आणि सगळे इंजिन मिळून १६१ किलो भरते. सिलिंडर आणि त्यांच्या भोवतीच्या पाण्याच्या वाटा आतल्या ॲल्युमिनियममध्ये आहेत, कारण मॅग्नेशियमला पाणी सोसत नाही. जुन्या बीटलच्या इंजिनाचे कवचही मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असे, पण ती गाडी वाऱ्यावर थंड होणारी, तिला पाण्याची भानगड नव्हती. अशा धातूला पोलाद टेकले आणि मध्ये ओलावा आला की पोलाद शाबूत राहते आणि मॅग्नेशियम झिजत जाते. त्यात आमच्याकडे ओलावा येतो तो मिठासकट. मी हे सगळे बोट नाचवत समजावत होतो आणि मिस्त्री मान डोलवत होते, कारण त्यांच्या नौकांच्या पंख्याजवळ आणि सुकाणूजवळ जस्ताचे जे ठोकळे लावलेले असतात, ते याचसाठी असतात: खारे पाणी आधी जस्त खाते, म्हणून बाकीचे लोखंड वाचते. बंदरावर त्यांना नुसते झिंक म्हणतात आणि खाऊन संपले की बदलतात. मिस्त्रींनी इंजिनाच्या पोटावर एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे हिचं आख्खं इंजिनच झिंक आहे म्हणा की."

आजवर या इंजिनाबद्दल मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके नेमके वाक्य कुठे मिळाले नव्हते. पोलादी बोल्टाचा विषय तिथेच मिटला. नवा ॲल्युमिनियमचा बोल्ट मुंबईहून यायला नऊ दिवस लागले आणि बोल्टापेक्षा कुरियर महाग पडले.

त्या नऊ दिवसांत मला राहून राहून बर्था बेंझबाई आठवत होत्या. नवऱ्याने १८८६ साली पेटंट घेतलेली मोटार विकली जात नाही असे पाहून, १८८८च्या ऑगस्टमध्ये या बाई त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला निघाल्या. वाट शंभर किलोमीटरच्या वर होती. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली, एका तारेचे आवरण गेले तिथे मोज्याचा पट्टा बांधला, आणि इंधन म्हणून वाटेतल्या वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतले. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून जिथे मिळेल तिथे पाणी भरत जावे लागले. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा त्यांनी एका चांभाराला गाठून त्यांवर चामडे ठोकून घेतले. जर्मन मोटारीची घरगुती दुरुस्ती ही अशी, पिनेने आणि चामड्याने सुरू झाली. आबांनी हे नाव कधी ऐकले असण्याचा संभव नाही. पण वाळलेले चामडे दोन दिवस खोबरेल तेलात मुरवून पुन्हा फुटबॉलात बसवणारा तो माणूस त्या बाईंशी दोन घटका बोलत बसला असता, एवढे मी खात्रीने सांगतो.

बारा मिनिटे संपली. पंप खाड्कन थांबला आणि खळ्यात इतकी शांतता झाली की आईच्या सुपातले खडे ऐकू आले. मी खाली उतरलो, टाकीचे झाकण उघडले. पातळी बोटभर उतरली होती, म्हणजे तेवढी हवा निघाली होती. तेवढे कूलंट वर भरले, इंजिन चालू केले आणि बॉनेट उघडेच ठेवून वरच्या जाड नळीवर तळवा पालथा ठेवून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर वाट मोकळी करणारा पडदा, उघडला आणि नळी आधी कोमट, मग एकदम चटका बसेल इतकी गरम झाली. मी ओरडलो नाही. आई मात्र ओसरीवरून माझ्या त्या हाताकडेच पाहत होती.

"आबांच्या पंपाचं काय केलंस रे?" तिने विचारले.

तिला ते ठाऊक होते, मलाही ठाऊक होते की तिला ठाऊक आहे. आगरात पाणबुडी मोटर बसल्यापासून तो पंप गोठ्यात पडून होता. फुटबॉलाच्या चामड्यासाठी मी बाजारपेठेतली दोन दुकाने पाहिली होती, तिसऱ्यात गेलो नव्हतो. गेल्या वर्षी असाच मे महिना होता. भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला तेव्हा मी चरात उतरून इंजिनाचे साडेसहा लिटर तेल काढत होतो आणि धार चालू असल्यामुळे जागचा हलू शकत नव्हतो. खालून मला त्याचे पाय आणि टेम्पोचे मागचे चाक एवढेच दिसत होते. काट्याला लावलेला पंप जमिनीपासून वीतभर वर फिरत होता, त्याच्या तोंडातून वाळलेल्या शेणाचा भुगा गळत होता. "एकोणचाळीस किलो भरतोय, दादा, चालेल?" त्याने विचारले. मी तेलाने काळा झालेला हात चरातून वर काढला आणि म्हणालो, "घेऊन जा."