आईला पोर्ट नंबर सांगायचे दिवस संपले

जुन्या लॅपटॉपवर इमिच (घरचे फोटो साठवणारं) आणि जेलीफिन (सिनेमे दाखवणारं) ही सॉफ्टवेअरं कधीपासून चालू आहेत. पण फोटो बघायचे तर लॅपटॉपच्या आयपी पत्त्यापुढे पोर्ट नंबर २२८३, सिनेमा लावायचा तर ८०९६. घरात हे लक्षात कोण ठेवणार? आज सुट्टी होती, म्हटलं कॅडी, म्हणजे नाव बघून योग्य सेवेकडे पाठवणारा सर्व्हर, बसवूनच टाकू.

त्याचं काम वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्याचं. येणारा प्रत्येकजण ४४३ या एकाच पोर्टवर याच्यासमोर उभा. कुणाकडे जायचंय विचारून हा आत सोडतो. कॅडीफाइल या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक सेवेला तीनच ओळी: डोमेनचं नाव, लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप) आणि पोर्ट, महिरपी कंस बंद.

खरा घोळ राउटरपाशी. वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.७२ ने सुरू, म्हणजे सीजीनॅट! एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून लॅपटॉपकडे वळवायचा, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगचा, उपयोग शून्य. कस्टमर केअरचं उत्तर, "सर, राउटर रिस्टार्ट करून बघा." धन्य!

मग सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) टीएक्सटी नोंदीवरून मिळवलं. त्याला बाहेरून दार उघडं लागत नाही, आणि मुदत संपायच्या आत कॅडी ते स्वतःच नवं करून घेतं. घराबाहेरून बघायला टेलस्केल, म्हणजे फक्त आपल्याच उपकरणांचं खासगी नेटवर्क. नाहीतरी घरचे फोटो जगापुढे मांडायची हौस कुणाला आहे?

आईने फोनवर "फोटो" एवढं टाइप केलं आणि पत्ता आपोआप आला. म्हणाली, "बरं झालं. आता तो पासवर्डपण काढून टाक."