हेलसिंकी, ताम्पेरे आणि शेजारचा रशिया

हेलसिंकीच्या सिनेट चौकात, अगदी मधोमध, रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर उभा आहे. १९१७ साली रशियापासून स्वतंत्र झालेल्या फिनलंडनं हा पुतळा हलवलेला नाही. याच झारनं १८६३ मध्ये फिनलंडचं विधिमंडळ पुन्हा भरवलं होतं. पुढे त्याच्या नातवानं रशियनीकरणाचा वरवंटा फिरवला, तेव्हा लोक आजोबाच्या पायाशी फुलं वाहून निषेध नोंदवू लागले. काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळत होतं, पण फुलं वाहिली म्हणून कोणाला पकडणार? फिनलंड मला या चौकात उमगू लागला.

फिनलंडचा संगीतकार सिबेलियसनं १८९९ मध्ये, वृत्तपत्रांची गळचेपी चालू असताना, जे संगीत रचलं तेच पुढे 'फिनलंडिया' झालं. सुरुवातीला पितळी वाद्यांचा दबलेला गुरगुराट, पुढे प्रार्थनेसारखी संथ सुरावट. सेन्सॉरला चुकवायला ही रचना दुसऱ्याच नावांनी वाजवली जाई. सिबेलियसच्या स्मारकात सहाशेहून जास्त पोलादी नळ्या आहेत. खाली उभं राहून मान वर केली की प्रत्येक नळीतून आकाशाची एक चकती दिसते. मी तिथून लवकर निघूच शकलो नाही.

ताम्पेरे शहरात गेलो ते लेखक वायनो लिन्नासाठी. लाल विटांच्या फिनलेसन गिरणीत तो कामगार होता. १९५४ च्या त्याच्या 'अज्ञात सैनिक' कादंबरीत १९४१ ते ४४ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धातली मशीनगन तुकडी आहे. त्यातले सैनिक आपापल्या बोलीत कुरकुरतात, अधिकाऱ्यांची टर उडवतात आणि तरी लढतात. तिच्यावरचा चित्रपट ६ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, टीव्हीवर दाखवायची तिथे प्रथाच आहे. देशभक्तीची भाषणं ऐकण्यापेक्षा हे पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

आता परराष्ट्र धोरण. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशी करार करून फिनलंड जपून बोलू लागला, तेव्हा पश्चिमेत त्याला लोटांगण म्हणून हिणवलं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. १,३०० किलोमीटरहून लांब सीमा महासत्तेला लागून असताना फिनलंडनं निवडणुका, न्यायालयं, बाजारपेठ शाबूत ठेवली. १९७५ मध्ये ३५ देशांना फिनलंडिया सभागृहात बोलावून युरोपातल्या सीमा आणि मानवी हक्कांबाबतच्या हेलसिंकी करारावर सह्या घडवल्या. २०२३ मध्ये तो नाटोत गेला, तेव्हा 'फिनलंड बदलला' असं जगभर छापून आलं. पण शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या कितीतरी देशांनी सक्तीची लष्करी सेवा थांबवली, फिनलंडनं मात्र ती एकदाही थांबवली नव्हती.