आमची वाटचाल: मान टाकलेल्या व्हायझरांचं काम

गाडीचा सन व्हायझर, म्हणजे ऊन डोळ्यांवर आलं की समोरच्या काचेवर खाली ओढायची ती झडप, कुणाच्या खिजगणतीत नसतो. सीट फाटलं की माणूस लगेच दुरुस्तीला काढतो. व्हायझर मात्र कडेने उसवतो, आतल्या फोमचा भुगा डोळ्यांत जायला लागतो, खड्ड्यात गाडी आदळली की तो मान टाकून समोर येतो, आणि तरीही मालक त्याला हाताने वर ढकलत वर्षानुवर्षं गाडी चालवतो. आमचं घर या हातभर वस्तूवर चालतं म्हटलं की लोक हसतात. हसू देत.

आप्पा सीट कव्हर आणि टपाच्या लायनिंगचं काम करायचे. व्हायझर आला की कपाळाला हात लावायचे. कारण सरळ होतं: काम छोटं आणि कटकट सीटएवढी. उसवा, साचा काढा, कापा, शिवा, उलटवा, चढवा, यातलं काहीच चुकत नाही. वर तो नेमका चालकाच्या डोळ्यांसमोर आणि काचेच्या उजेडात, त्यामुळे वाकडा टाका झाकायला जागा नाही. बहुतेक कुशनवाले अजूनही हे काम टाळतात. आप्पांनी टाळलेले व्हायझर घरी माझ्या मशीनवर यायला लागले, कारण मला असली बारीक कामं आवडायची. पुढे त्यांच्या ओळखीचे दुसरे कारागीरही त्यांच्याकडचे नकोसे व्हायझर पाठवू लागले. व्यवसाय सुरू करायचा असं ठरवून काही झालं नाही. दुसऱ्यांची नकोशी कामं साठत गेली आणि एक दिवस पाटी लावावी लागली.

पाटीवर मी ‘कव्हर बदलून मिळेल’ असं लिहायला नकार दिला, कारण कापड हे या कामातलं सगळ्यात सोपं अंग आहे. व्हायझर बिघडतो तो आतून. जुन्या गाड्यांत हार्डबोर्डची किंवा दाबलेल्या पुठ्ठ्याची पाटी असते, तिच्याभोवती लोखंडी तारेची चौकट, वर पातळ फोम आणि त्यावर रेग्झिन. त्या रेग्झिनच्या कडा शिवलेल्या नसतात, कारखान्यात उच्च वारंवारतेच्या विजेने वितळवून जोडलेल्या असतात. म्हणून ती कड एकदा उघडली की तशीच परत मिटत नाही, शिवणच घालावी लागते. पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पाटीच्या जागी फुगवलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या दाण्यांचा गाभा आला, ज्याला कारखानदार ईपीपी म्हणतात. काहींत प्लॅस्टिकच्या दोन पाकळ्या एकमेकींवर चाप देऊन बसवलेल्या असतात आणि कापडाची कड त्यांच्यामध्ये अडकवलेली असते. तिन्हींची दुरुस्ती वेगळी. समोर कुठला प्रकार आहे हे न बघता जो कापड कापायला घेतो, त्याचं घोडं लवकरच अडतं.

बंद गाडीत पुढच्या काचेलगतचा भाग सगळ्यात जास्त तापतो. रेग्झिन मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलकट द्रव्य या उष्णतेने हळूहळू उडून जातं. काचेला आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यातलं बरंचसं हेच. द्रव्य गेलं की रेग्झिन कडक होतं, आकसतं आणि जोडलेली कड ताणून उघडते. पॉलिएस्टर प्रकारचा पॉलियुरेथेन फोम असेल तर दमट हवेने त्याचा भुगा होतो. म्हणून आम्ही पॉलिइथर प्रकारचा फोम वापरतो, आणि जाडी मूळची होती तेवढीच ठेवतो. गुबगुबीत व्हायझर हातात घेऊन छान वाटतो, पण तो टपाच्या खोलगट भागात बसत नाही आणि मधल्या हुकात अडकतही नाही. ‘जरा जाड फोम घाला’ ही मागणी अजूनही येते, आणि आम्ही अजूनही नाही म्हणतो.

मान टाकण्याचा तर कापडाशी काहीच संबंध नसतो. व्हायझर ज्या दांड्यावर फिरतो, त्याला व्हायझरच्या आत स्प्रिंग स्टीलची एक क्लिप धरून बसलेली असते. दांड्याची एक बाजू चपटी असते. व्हायझर वर नेला की क्लिप त्या चपट्या बाजूवर बसते आणि तो तिथे थांबतो. क्लिप सैल झाली की थांबणं संपलं. मग ती काढून पकडीने बेताने आवळायची, दांड्यावरचा गंज आणि जुनं ग्रीस पुसायचं, आणि झीज जास्त असेल तर क्लिपच बदलायची. हे कव्हर चढवण्याआधी करायचं. नवं कोरं कव्हर चढवलेला आणि तरीही लोंबणारा व्हायझर आमच्याकडे पुन्हा उसवायला येतो, तेव्हा आधी कळस मग पाया ही म्हण कुणासाठी झाली ते कळतं.

चिकटवण्याच्या सोल्युशनवर मी तासभर बोलू शकते. साधं रबर सोल्युशन उन्हाळ्यात सुटतं, आणि रेग्झिनखाली तर ते मऊ होऊन ओघळतं, कारण रेग्झिनमधलं तेच तेलकट द्रव्य त्यात उतरतं. रेग्झिनसाठी नायट्राइल किंवा पॉलियुरेथेन जातीचं आणि उष्णता सोसणारं सोल्युशन लागतं. ते दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. ओलं असताना दाबलं तर आतला वायू बाहेर पडायला वाट शोधतो आणि वर फोड येतात. ईपीपीच्या गाभ्यावर यातलं जवळजवळ काहीच नीट धरत नाही, तो प्लॅस्टिकचा प्रकारच तसा आहे. तिथे आम्ही सोल्युशनच्या भरवशावर राहतच नाही. कव्हर घट्ट मापाचं शिवतो आणि शिवणीवरच त्याला बांधून ठेवतो.

व्यवसायाला खरं वळण मिळालं ते स्वतः काम करणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे. ‘व्हायझर पाठवत नाही, फक्त साचा आणि कापड द्या, बाकी मी घरी करतो,’ असं सांगणारे वाढत गेले. धाकट्या भावाचा याला ठाम विरोध होता. “ताई, साचे वाटलेस तर उद्या आपल्याकडे कोण येणार?” त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण मला गिऱ्हाईक ओळखीचं वाटत होतं. जुन्या गाडीवर जीव असलेला माणूस ती दुसऱ्याच्या हातात सहज देत नाही, त्याला स्वतः करायचंच असतं. आपण साचा दिला नाही तर तो आकसलेलं जुनं कव्हर कागदावर ठेवून खाका काढेल, नवं कव्हर तोकडं होईल, आणि तो चिडून सगळं सोडून देईल. आमचा साचा आतल्या गाभ्यावरून घेतलेला असतो. त्यात जाडीचा हिशेब आणि शिवणीसाठी 10 मिमी मार्जिन असतं, आणि डावा-उजवा उलटा कापला जाऊ नये म्हणून दोन्हींवर बाण.

शेवटी साचा आणि कापडाचा संच पाठवायला लागलो, आणि लोक नेमके कुठे अडकतात ते कळलं. शिवणीवर फारसे अडकत नाहीत. 16 किंवा 18 नंबरची सुई, पॉलिएस्टरचा जाड दोरा आणि 3 ते 4 मिमीचा टाका एवढं सांगितलं की पुरतं. टाका याहून बारीक घेतला तर रेग्झिनला ओळीने भोकं पडून ते तिथेच फाटतं. वळणावर मार्जिनला खाचा द्यायच्या हेही लक्षात राहतं. घोळ होतो तो शेवटी, गाभा आत सरकवल्यावर उरलेलं तोंड बंद करताना. म्हणून आता आम्ही तीन बाजू शिवूनच पाठवतो आणि दांड्याकडची बाजू उघडी ठेवतो. सोबत अर्धगोल सुई आणि मेण लावलेला दोरा असतो. आधी कव्हर हेअर ड्रायरने थोडं गरम करून मऊ करायचं, मग कोपरे बसवायचे आणि शेवटी लपते टाके घालायचे. भावानेच त्या टाक्यांची चित्रं काढली आहेत, आणि आता संचाचा सगळ्यात मोठा समर्थक तोच आहे.

काही गोष्टींत आम्ही हट्टी आहोत. कापड घरातल्या पडद्याचं चालणार नाही. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 302 या नियमानुसार गाडीच्या आतल्या कापडावर ज्योत मिनिटाला 102 मिमीपेक्षा वेगाने पसरता कामा नये. त्या कसोटीला उतरलेलंच कापड आम्ही घेतो, मग गाडी कुठलीही असो. व्हायझरवरचा एअरबॅगचा इशारा नव्या कव्हराखाली झाकायला आम्ही तयार नसतो. गाडीच्या कंपनीकडून नवं लेबल मागवा, तोवर काम थांबेल. आणि नवा व्हायझर सहज मिळत असेल तर तोच घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. भावाला हे अजून पटत नाही.

आरशाला दिवा असलेले व्हायझर बरेच दिवस आम्ही परत पाठवायचो. त्यांच्या तारा पोकळ दांड्यातून जातात आणि वळण्याच्या जागी पिळून त्यांचं आवरण फाटतं. आता गाडीच्या वायरिंगचं काम जाणणारी एक मुलगी आमच्याबरोबर आहे. ती तार बदलून, दिवा लावून बघते आणि मगच गाभा माझ्या टेबलावर येतो. दिव्याचे व्हायझर फक्त आमच्याकडे पाठवूनच दुरुस्त होतील, त्यांचा संच मिळणार नाही.