जुनी टँडम: डावीकडची चेन बसली

मी दुरुस्त करत असलेल्या जुन्या टँडमच्या, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलच्या, रंगाचं काय झालं, असं सगळे विचारतात म्हणून तेच आधी सांगतो. रंग झालेला नाही आणि पावसाळा संपेपर्यंत होणारही नाही. दोघांना घेऊन धावणारी सायकल आधी नीट फिरली पाहिजे, मग नीट थांबली पाहिजे, त्यानंतर नटवायची. काळ्यावर सोनेरी रेघा कशा ओढायच्या हे कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात पाहून ठेवलंय. तेवढी तयारी सध्या पुरे.

फ्रेमवर कंपनीचा बिल्ला नाही, त्याची नुसती दोन भोकं उरलीत. मागच्या बी.बी.चे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा एक्सल जिथे फिरतो तो भाग) आटे गेजने मोजले तर इंचाला २४ भरले, आणि उजवी वाटी उलट्या आट्यांची निघाली. म्हणजे माप इंग्लिश. रॅले या इंग्रज कंपनीने आपल्या बऱ्याच सायकलींना २६ आटे ठेवले होते, त्यामुळे ही रॅले असावी ही शंका जवळपास मिटली. सामान शोधायला एवढी माहिती पुरते.

या वेळचा बहुतेक वेळ पुढच्या बी.बी.ने खाल्ला. टँडमवर ती थेट फ्रेममध्ये बसत नाही, एका जाड लोखंडी गट्टूत बसते, आणि त्या गट्टूतलं भोक मध्यावर नसून एका अंगाला असतं. हाच एक्सेंट्रिक. गट्टू फिरवला की एक्सल पुढेमागे सरकतो आणि डावीकडची चेन, म्हणजे दोन्ही स्वारांचे पाय एकत्र बांधणारी, ताणली जाते. उजवीकडच्या चेनला मागचं चाक ओढून ताण देता येतो. डावीकडच्या चेनचे दोन्ही एक्सल फ्रेममध्येच, त्यामुळे तिला दुसरा मार्ग नाही.

माझा गट्टू गंजून फ्रेमशी एकजीव झाला होता. ‘घण घाला’ म्हणणारे भरपूर भेटले. पण गट्टूभोवतीचं फ्रेमचं कवच खालून चिरलेलं असतं आणि दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. घणाचा दणका चिरेच्या टोकाला बसला तर तिथेच तडा जायचा. म्हणून बोल्ट काढले, चिरेत पातळ पाचर सरकवून ती केसभर उघडली आणि डिझेल पाजत राहिलो. अधूनमधून हॉट एअर गनने कवच तापवलं. गट्टूच्या तोंडावर पान्यासाठी दोन भोकं आहेत. नाना पेठेतल्या टर्नरकडून त्यात बसणाऱ्या दोन पिनांची पट्टी करून घेतली आणि तिला लांब पाइप लावला. कवच पाहून ते म्हणाले, “साहेब, डावीकडे चेन? उभ्या आयुष्यात नाही पाहिली.” पट्टी मात्र अशी चोख केली, की पाइपवर जोर दिल्यावर गट्टू करकरत हलला. पॉलिश पेपर, ग्रीस, आणि आता तो हाताने फिरतो.

मग चेनचा हिशेब. दोन एक्सलमधलं अंतर साडेतेवीस इंच, दोन्ही चेनव्हील ३४ दातांची, चेनची कडी अर्ध्या इंचाची. वरची आणि खालची बाजू मिळून ९४ कड्या, वर दातांच्या ३४, एकूण १२८. साध्या सायकलची चेन साधारण ११२ कड्यांची येते, त्यामुळे दोन चेन जोडाव्या लागल्या. आतली-बाहेरची अशी जोडी काढली की चेन एक इंचाने आखूड होते, म्हणजे एक्सल अर्धा इंच, १२.७ मिमी, सरकायला हवा. माझ्या गट्टूतलं भोक मध्यापासून ७ मिमी बाजूला आहे, म्हणजे पल्ला १४. पुरतो, पण जेमतेम. ताण देताना क्रँक (पायडलाचा दांडा) पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि तिथे चेन किंचित सैल राहील असं बोल्ट आवळायचं. जुनी चेनव्हील अगदी गोल नसतात. सैल जागी ताण दिला तर घट्ट जागी छर्रे भरडले जातात.

दोघांचे पाय एकाच स्थितीत ठेवायचे की काटकोनात, यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. काटकोनात जोर सलग लागतो, कारण एकाचा पाय वर-खाली अडला असताना दुसऱ्याचा जोर चालू असतो. पण वळताना कुणाचं तरी पायडल खाली राहतंच. शिवाय ३४ ला ४ ने भाग जात नाही, त्यामुळे खरा काटकोन माझ्याकडे येणारच नाही. ८ दात सरकवले तर सुमारे ८४.७ अंश, ९ सरकवले तर ९५.३. मी पाय एकत्रच ठेवले. निघताना नि थांबताना मागच्या माणसाला सांगावं कमी लागतं.

कॉटर पिनांकडे, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्की धरणाऱ्या पाचरीसारख्या पिनांकडे, मात्र सगळ्यांनी लक्ष द्यावं. पुढच्या स्वाराचा सगळा जोर डाव्या चेनमधून मागच्या डाव्या क्रँकला येतो, तिथून कॉटरमधून एक्सलला, आणि उजव्या कॉटरमधून मुख्य चेनव्हीलला. म्हणजे मागच्या दोन्ही पिनांवर स्वतःच्या स्वाराखेरीज पुढच्याचाही भार असतो. बाजारातल्या मऊ पिना इथे दाबल्या जातात आणि क्रँक डुगडुगते. सध्या तात्पुरत्या घातल्यात. पिन ठोकताना नि काढताना क्रँकखाली पोलादी पाइपचा टेकू द्यायचा, नाहीतर ठोका छर्ऱ्यांवर जातो.

चाकं झाली. पुढे ३२ आरे, मागे ४०, ही जुनी इंग्रजी वाटणीच आहे. आरे नवे, हब आणि रिम जुनेच, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घेतलाय. सीट ठीक आहेत. मागच्या हँडलचा क्लॅम्प हरवलेला होता, तो बोहरी आळीत मिळाला नाही, टर्नरकडूनच करून घेतला.

ब्रेकचं काम बाकी आहे. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक नीट धरत नाही, त्यात इथे वजन दोघांचं. टँडमची लांबी जास्त असल्याने पुढचा ब्रेक जोरात दाबला तरी मागचं चाक सहजी उचलत नाही, हा त्यातला दिलासा. पहिली फेरी नदीपात्रातल्या रस्त्यावर, अर्थात खडकवासल्यातून पाणी सोडलेलं नसताना. कात्रजच्या घाटाचं नाव इतक्यात काढू नका. एकेकाळी पुण्यात सायकलवर डबलसीट दिसलं की पोलिसाची शिट्टी वाजायची. दोन सीट आणि दोन जोड पायडलं पाहून त्याने कोणतं कलम लावलं असतं, कोण जाणे.

आता हव्यात दोन चांगल्या कडक कॉटर पिना, ९.५ मिमीच्या. कुणाच्या जुन्या साठ्यात असतील तर कळवा. बदल्यात चेन जोडून उरलेल्या ९६ कड्या देईन.