टिकलीपर्यंत पाणी

माझं शोभेच्या माशांचं दुकान लातूरला, औसा रोडवर. गल्ला भरतो तो गोल्डफिश, गप्पी आणि खाद्याच्या डब्यांवर. खाऱ्या पाण्याचं गिऱ्हाईक वर्षाकाठी चार-दोन. समुद्र इथून चारेकशे किलोमीटर लांब, आणि गोड्या पाण्याचीच मारामार. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून या गावानं दिवस काढले. अशा गावात मी समुद्राचं मीठ विकतो. लोक हसतात, मलाही हसू येतं.

मे महिन्यातली सकाळ. गंजगोलाईजवळच्या एका आडत्याचा फोन आला, "लवकर या, निमो मरायलेत."

टँक मीच दिलेला. दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच. काठोकाठ भरला तर सत्तावन्न लिटर. वाळू, दगड गेल्यावर खरं पाणी पंचेचाळीसच. त्यात क्लाऊनफिशची, म्हणजे सिनेमातल्या निमोची, जोडी. "छोट्यापासून सुरू करू, जमलं तर मोठा घेऊ," असं शेठ म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. गोड्या पाण्यात हे चालून जातं. खाऱ्यात छोटा टँक हाच सगळ्यात अवघड; पाणी थोडं असलं की ऊन, मीठ, घाण, सगळ्याचा फटका लगेच बसतो. मला हे ठाऊक होतं. हातचं गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसलो.

जाऊन बघतो तर दोन्ही मासे वर येऊन धापा टाकत होते. पाणी एकतीस अंश. ते थंड राहावं म्हणून झाकण काढून वर टेबलफॅन लावलेला. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला. आकडा १.०२५ च्या आसपास हवा, होता १.०३४.

"पाणी कमी झालं की काय घालता?"

"मिठाचंच की. तुम्हीच सांगितलंत, लिटरला पस्तीस ग्रॅम."

सांगितलं होतं, पण पाणी बदलताना घालायला. उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. पंख्याच्या वाऱ्यानं रोज सव्वा लिटर आटत होतं आणि शेठ नेमानं तेवढंच खारं पाणी ओतत होते. दहा दिवसांत बारा-साडेबारा लिटर, म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर जादा मीठ. तेच पाचपट पाण्यात गेलं असतं तर आकडा जेमतेम हलला असता.

कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, "वरण आटलं तर आपण वरण ओतीत नाही बाबा, पाणीच ओततो." मी दुकानात अर्धा तास जे समजावतो ते या बाईंनी एका वाक्यात संपवलं.

आता घाई करून चालणार नव्हतं. एकदम गोडं पाणी ओतलं तर मासा त्या धक्क्यानंच जायचा. तांब्याभर खारं काढायचं, तांब्याभर आरओ मशीनमधून गाळलेलं गोडं घालायचं, मध्ये तासभर थांबायचं. असं दोन दिवस. तरी संध्याकाळी मोठा मासा गेला. क्लाऊनच्या जोडीत मोठी ती मादी. ती गेली की मागं राहिलेला नर हळूहळू मादी होतो, असं सांगितल्यावर आजींनी तोंडाला पदर लावला. "गड्याची बाई होती?" त्या दिवसात घर पहिल्यांदाच हसलं.

शेठना मात्र ईर्ष्या चढली. "आता सहा फुटीच द्या. नातवाला तो निळा मासा पण पाहिजे." निळा म्हणजे ब्लू टँग. विकत मिळतो तेव्हा दोन-तीन इंचाचा. वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. सहा फूट ही मागणी त्या माशासाठी बरोबरच होती. माझ्या वर्षभराच्या खाऱ्या धंद्याचा गल्ला एका पावतीत निघाला असता. मी टेप काढली.

सहा बाय दोन बाय दोन म्हणजे जवळपास सहाशे ऐंशी लिटर, तितकेच किलो. काच, दगड, स्टँड वेगळे. शेठना तो वरच्या बैठकीत हवा होता. घर जुनं, वर मातीचं माळवद. आजी उठूनच उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर डोक्यावर वजन हा विषय त्या घरात निघत नाही. खाली शहाबादी फरशीवर ठेवला तर वजन पेललं असतं. मग मी पाण्याचा हिशेब मांडला. टँकचं तोंड मोठं तर आटणंही मोठं; या उन्हाळ्यात रोजचे सात लिटर तरी. त्यात आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा. महिन्याला सव्वाचारशे-साडेचारशे लिटर आरओचं पाणी, आणि घरातल्या मशीनमधून ते निघताना त्याच्या दुप्पट-तिप्पट वाया. इथल्या बोअरचं पाणी इतकं जड की आरओशिवाय गत नाही.

"नळ कितव्या दिवशी येतो तुमच्याकडं?" मी विचारलं. शेठ आईकडं बघायला लागले.

टँकचं माप लोक भिंत बघून ठरवतात, फार तर मासा बघून. मी त्या दिवशी पहिल्यांदा घरातल्या नळाच्या पाण्याच्या टाकीवरून ठरवलं. तीन बाय दीड बाय दीड. एकशे नव्वद लिटर, खरं पाणी दीडशे. तोंड सव्वादोनपट, पण पाणी सव्वातीनपट, म्हणजे चढउतार सावकाश. वर काचेचं झाकण. लाईट गेली तर पंप इन्व्हर्टरवर. निळा मासा नाही. नातू रुसला, शेठही थोडे रुसलेच. मशीनचं वाया जाणारं पाणी भांड्याला घ्यायचं आजींनी आपलं आपण ठरवून टाकलं.

उरलेला मासा खारटपणा उतरल्यावर दुकानात आणून ठेवला. नवीन टँक मुरायला दीड महिना लागला. रोज टेस्ट किट, अमोनिया, म्हणजे घाणीतून होणारं विष, शून्यावर यायची वाट. तोवर तुरी-सोयाबीनच्या पेरण्या आटोपल्या होत्या.

मासा सोडायला गेलो तेव्हा काचेवर, पाण्याच्या रेषेवर, बाहेरून एक लाल टिकली चिकटवलेली दिसली.

"टिकलीच्या खाली गेलं की तांब्यानं घालायलेय," आजी म्हणाल्या. "बिनमिठाचं."